जुलैत सापडणारी, डिसेंबरात हरवणारी मुलं

४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. २०२२ साली 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' निघालं, तेही ५ ते २० जुलैला. शाळेचा पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. यातल्या कुठल्याही तारखेला पाटोदा, आष्टी, भूम, वाशी या तालुक्यांतल्या बालाघाटच्या माथ्यावर एखाद्या धनगरवस्तीत जा, मुलं घरी भेटतील. मृगाचा पाऊस पडतो, मेंढरं माघारी येतात आणि वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत हजेरीला 'हजर' म्हणणारे आवाज वाढतात. सर्वेक्षणाला गेलेल्या गुरुजींना शाळाबाह्य मूल सापडत नाही, कारण त्या दिवशी ते खरोखरच शाळेत असतं.

दिवाळी झाली की वाडा हलतो. वाडा म्हणजे चार-आठ बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि पोरंबाळं. सलग एक महिन्यापेक्षा जास्त गैरहजर राहणारं मूल शाळाबाह्य धरावं, ही सरकारचीच व्याख्या आहे. त्या हिशेबानं डिसेंबर सरेपर्यंत वाड्याबरोबर गेलेलं प्रत्येक मूल शाळाबाह्य ठरतं. पण डिसेंबरात मोजायला कुणी जात नाही. कागदावर पट शंभर टक्के आणि चौथीतल्या मुलाला स्वतःच्या गावाचं नाव वाचता येत नाही, हे दोन्ही एकाच शाळेत एकाच वेळी खरं असतं ते यामुळे.

आमचं म्हणणं असं की या मुलांचं शैक्षणिक वर्ष दोन तुकड्यांचं आहे हे आधी मान्य करावं, आणि दोन्ही तुकड्यांची आखणी वेगळी करावी. आज शाळा दहा महिन्यांची धरून चालते आणि पाच महिन्यांचं मूल तिच्यातून गळतं. दोष मात्र आईबापांच्या 'अनास्थे'वर जातो.

ती अनास्था आहे का, हे ठरवण्यापूर्वी वाडा का हलतो ते पाहायला हवं. माथ्यावरची जमीन मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी. पावसाळ्यात मेंढरांना हीच जमीन मानवते. खाली गोदाकाठच्या काळ्या रानात तेव्हा खुरांत चिखल बसून खुरं कुजतात. पण पाऊस उघडला की माथ्यावरचं गवत पिकतं, त्याचं कुसळ लोकरीत, कातडीत, डोळ्यांत शिरतं, आणि पौषापर्यंत पाझर तलावांचे तळ दिसू लागतात. त्याच वेळी खाली गेवराई, माजलगाव, पाथरीच्या बाजूला कापसाची शेवटची वेचणी उरकत आलेली असते, तुरीचा पाला पडलेला असतो, पुढे ज्वारीचं रान मोकळं होतं. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं. तो रानात मेंढरं बसवून घेतो आणि रात्रीच्या हिशेबानं धान्य किंवा पैसे देतो. हा ठरलेला व्यवहार आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. तो बंद करून मुलं शाळेत आणायची म्हटलं तर मेंढरं विकावी लागतील. मेंढरं विकलेल्या घरातली मुलं उसाच्या फडावर दिसतात, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

आता मुलाचं काम पाहू. मेंढी पाच महिने गाभण असते. पहिले काही आठवडे कोकरांना कळपाबरोबर चालवत नाहीत, म्हणून दिवसभर ती तळावर राहतात. सकाळी कोकरांना आईला लावून दूध पाजायचं, मग डालग्याखाली किंवा जाळीत कोंडायचं, कुत्र्या-कोल्ह्यापासून राखायचं, संध्याकाळी कळप आला की पुन्हा ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. हे काम सात ते दहा वर्षांच्या मुलांकडे असतं. दहा-अकरा झाली की मुलगा काठी घेऊन कळपामागे जातो. मुलीकडे पाणी, चूल आणि धाकटी भावंडं येतात. म्हणजे सहा ते दहा या वयातलं मूल दिवसाचा बराच वेळ तळावर असतं आणि मधले काही तास मोकळं असतं. दहाच्या पुढचं मूल रानात असतं आणि मोकळं नसतं. पुढचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे, कारण दोन्ही वयांसाठी एकच उपाय चालत नाही.

पहिला तुकडा जून ते दिवाळी. शाळा जूनच्या मध्याला उघडते. सुट्ट्या वजा जाता या काळात साधारण शंभर दिवस हाती लागतात. वाचन-लेखनाचा पाया घालायला शंभर दिवस पुरतात, अट एवढीच की ते त्याच कामाला द्यावेत. रोज सलग दोन तास, इयत्ता बाजूला ठेवून. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला समोर बसवून पाहावं: अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, चार ओळी वाचतं का. त्यावरून तीन गट करावेत. तिसरीतलं मूल अक्षरांच्या गटात बसलं तर त्यात कमीपणा नाही. ते दोन दिवाळ्या रानात होतं.

अक्षरओळखीसाठी मुलाच्या तोंडातले शब्द घ्यावेत. वाडा, काठी, लोकर, कोकरू या चार शब्दांत काना, वेलांटी, काना-मात्रा, उकार सगळं येतं, आणि चित्र दाखवून अर्थ सांगावा लागत नाही. गणितात वेगळी अडचण येते. जुनी माणसं अजून विसांनी मोजतात. 'सात विसा आणि चार' म्हटलं की आजोबांच्या डोळ्यांसमोर एकशे चव्वेचाळीस मेंढरं उभी राहतात. त्यांच्या मांडीवर वाढलेलं मूल तोंडी हिशेबात पक्कं असतं, पण कागदावर दशकाचं घर त्याला उमगत नाही, आणि गुरुजींना वाटतं की याला मोजताच येत नाही. विसा खोडू नयेत. एक विसा म्हणजे दोन दशक, सात विसा म्हणजे चौदा दशक, या वाटेनं ते मूल लवकर वर येतं. वरच्या गटाला औषधाच्या बाटलीवरचा हिशेब द्यावा: दर दहा किलो वजनाला तीन मिली लिहिलं असेल तर पंचवीस किलोच्या मेंढीला किती? मुदत कधी संपते? मे महिन्यात आंत्रविषाराची, म्हणजे मेंढरांच्या आतड्याच्या रोगाची, लस टोचली का, हे वहीत कसं लिहावं? बापाला ज्याचा उपयोग दिसतो ते शिकणं तो थांबवत नाही.

या शंभर दिवसांचे शत्रू बाहेरचे नाहीत. जून-जुलै हाच ऑनलाइन माहिती भरण्याचा हंगाम असतो. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी माहितीत अडकले की दुसऱ्याकडे पाच वर्ग येतात. शाळाप्रवेशाचे सोहळे, गणवेशाची मापं, आधार जुळवणी, बैठका यांत ऑगस्ट उजाडतो. गावातल्या शाळेला हा महिना पुढे भरून काढता येतो. वस्तीच्या शाळेला तो परत मिळत नाही. त्यामुळे स्थलांतर होणाऱ्या वस्त्यांच्या शाळांना ऑक्टोबरपर्यंत अशा कामांतून मोकळं ठेवावं, ती कामं दिवाळीनंतर करावीत. यासाठी एक पैसाही लागत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांचं एक परिपत्रक पुरे.

वस्तीची शाळा मात्र जागेवर राहिली पाहिजे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा, म्हणजे अशा अनेक शाळा मिळून एक शाळा, करण्याचा विचार शासनानं २०२३ मध्ये मांडला. सपाट मुलखात त्यावर वाद घालता येईल. डोंगरात हा विषय वेगळा होतो. मुलं नेमकी पावसाळ्यात घरी असतात, तेव्हाच ओढे भरून वाहतात आणि गाडीवाट चिखलानं बंद होते. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं महाराष्ट्राचे २०११ चे नियम सांगतात. बारा मुलांची शाळा उठली की त्या शंभर दिवसांतले किमान तीस-चाळीस पावसात जातील.

दुसरा तुकडा अवघड आहे. दिवाळी ते मे.

आजची व्यवस्था शिक्षण हमी पत्रकाची आहे. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेनं पत्रक पाहून त्याला बसवून घ्यावं. वीटभट्टीवर किंवा साखर कारखान्यावर चार-पाच महिने एका जागी राहणाऱ्या कुटुंबाला याचा उपयोग होतो. वाडा दर दोन-तीन दिवसांनी तळ बदलतो. तीन दिवसांसाठी कुठला मुख्याध्यापक नाव घालेल? कायद्यानं त्याला नकार देता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही, आणि आधार नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे. तरी मुख्याध्यापक कचरतात, त्याचं कारण साधं आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो आणि तो पटावरच्या नावाला धरलेला असतो. पाहुण्या मुलाचे तीन दिवसांचे ३०० ग्रॅम कुठल्या रकान्यात लिहायचे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. नाव ऑनलाइन घातलं तर मूळ शाळेतून कमी होतं, न घातलं तर तांदूळ हिशेबात येत नाही. हा रकाना तयार करणं मंत्रालयातल्या एका टेबलाचं काम आहे. पाहुण्या मुलांची वेगळी हजेरीवही ठेवावी, मूळ शाळेतलं नाव हलवू नये, पत्रकावर हजर दिवसांचे शिक्के पडावेत आणि मे महिन्यात मूळ शाळेनं ते दिवस आपल्या हजेरीत जोडावेत.

पण हे टेकू झाले. तळावरच्या लहान मुलांसाठी शिकवणारं माणूस तळावरच हवं, आणि ते वाड्यातलंच हवं. १९५० च्या दशकात इराणच्या फार्स प्रांतात मोहम्मद बहमनबेगी यांनी कश्काई आणि इतर भटक्या पशुपालकांसाठी तंबूशाळा सुरू केल्या. टोळ्यांचे तंबू शेळीच्या केसांचे काळे, शाळेचा पांढरा, म्हणजे लांबून ओळखू यावा. पण तो प्रयोग टिकला तो शिक्षकांमुळे. टोळ्यांमधलेच तरुण-तरुणी निवडून, शिकवून तिथेच पाठवले होते. थंडी, चालणं, तळ हलणं हे त्यांना नवं नव्हतं. जम्मू-काश्मीरमध्ये गुज्जर-बकरवालांबरोबर उन्हाळी कुरणांवर हंगामी शिक्षक नेमण्याची रीत आहेच. आपल्याकडेही उदाहरण आहे. वस्तीशाळांमध्ये गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी तुटपुंज्या मानधनावर शिकवलं आणि पुढे त्यांतल्या अनेकांना जिल्हा परिषदेच्या सेवेत घेतलं गेलं.

आज वाड्यावाड्यांत दहावी-बारावी झालेल्या सुना आणि पोरं आहेत. चार-आठ बिऱ्हाडांमागे सहा ते दहा मुलं निघतात. तेवढ्यांसाठी एक 'वाडाताई' पुरे. वेळ साधारण अशी बसते: दव उडाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास कळप निघतो (दवातलं ओलं गवत मेंढपाळ चारत नाहीत, त्यातून पोटाचे विकार होतात), त्यानंतर स्वयंपाकपाणी उरकून अकरा ते एक मुलं मोकळी सापडतात. ज्या दिवशी तळ हलतो त्या दिवशी शिकवणं होत नाही, हे आधीच धरून चालावं. आठवड्यात चार दिवस झाले तरी उत्तम.

सामानाचा विचार घोडीच्या पाठीचा विचार करून करायला हवा. ओझं दोन्ही बाजूंना सारखं लागतं, नाहीतर घोडीची पाठ सोलते आणि पहिल्या आठवड्यात शाळेची पेटी कुणाच्या तरी शेतात उतरते. एक मोठी पेटी देण्याऐवजी सात-आठ किलोच्या दोन सारख्या पत्र्याच्या पेट्या द्याव्यात. दगडी पाटी प्रवासात फुटते, पत्र्याची किंवा प्लास्टिकची टिकते. गुंडाळता येणारा कापडी फळा, खडू, दोन सौरकंदील, एक ताडपत्री. पुस्तकं भागाभागांत सुटी असली तर सोपं जातं. २०२३-२४ मध्ये बालभारतीनं दप्तराचं ओझं कमी करायला चार भागांत पुस्तकं काढली होती, या मुलांना ती रचना खरी सोयीची. टॅबलेट देण्याचा मोह टाळावा. तळावर वीज नाही, आणि चार्ज झालेलं एकुलतं यंत्र बाप कळपामागे घेऊन जातो. त्याच्या जागी कुणीही हेच करेल.

असे उपक्रम जानेवारीत मोडतात, आणि बहुतेक वेळा कारण मानधनाचं असतं. त्याच दिवसांत खाली कापूसवेचणी, हरभराकाढणी चालू असते. वाड्यातली बाई दोन तास मुलांपुढे बसते म्हणजे तेवढी मजुरी सोडते. मानधन मार्चअखेर एकदम येणार असेल तर ती डिसेंबरातच वेचणीला जाईल, आणि तिनं जायलाच हवं. मानधन त्या भागातल्या शेतमजुरीपेक्षा कमी नसावं आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यावर पडावं. महिना दहा हजार धरले तर नोव्हेंबर ते मे सात महिन्यांचे सत्तर हजार होतात. एका वाड्याची आठ मुलं धरली तर मुलामागे वर्षाला नऊ हजारांच्या आत. यापेक्षा स्वस्त शाळा बांधून दाखवता येणार नाही.

देखरेख कुणी करायची हाही प्रश्न आहे. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाला आज इथे उद्या तिथे असलेला तळ सापडणार नाही. पण आठवडी बाजार सापडतो. धान्य आणायला, कोकरं विकायला वाड्यातलं कुणी ना कुणी जवळच्या बाजाराला येतंच. महिन्यातून एक बाजार ठरवून तिथल्या केंद्रशाळेत ताईची वही पाहावी, पुढचं साहित्य द्यावं, मुलांची वाचनचाचणी घ्यावी. जबाबदारी मात्र मूळ वस्तीच्या मुख्याध्यापकांकडेच राहावी. जूनमध्ये ही मुलं पुन्हा त्यांच्यासमोर बसणार आहेत.

दहाच्या पुढच्या मुलांसाठी वसतिगृह लागतं, आणि इथे मत स्पष्ट मांडायला हवं: सहा-सात वर्षांचं मूल वसतिगृहात घालू नये. मंगोलियानं पशुपालकांची मुलं तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहांत ठेवून साक्षरता फार उंचीवर नेली, ते कौतुकाचंच. पण २००८ मध्ये शाळाप्रवेशाचं वय सहावर आलं, आणि लहानग्यांना एकटं ठेवायला नको म्हणून आया मुलांबरोबर गावात राहू लागल्या, बाप एकटे कळपामागे उरले. घर दुभंगलं. आपल्याकडे विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा पहिलीपासून आहेत, तिथे लहान मुलांची हीच हेळसांड होते. सणाला घरी गेलेलं मूल परत येत नाही आणि वर्ष तिथेच संपतं.

पाचवीपासून मात्र वसतिगृह हाच रस्ता आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालतात. मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि जेवण शाळेत मिळतं. मेंढपाळांची मुलं त्यात बसवायला हरकत काय? अडचण गणनेची आहे. ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाच्या गाडीत एकत्र निघतात, यादी करणं सोपं असतं. वाडे पाऊस, चारा पाहून मागेपुढे निघतात. मंजुरी नोव्हेंबरअखेर आली तर तोवर मूल परभणीच्या रानात पोचलेलं असतं, आणि एकदा काठी हातात घेतलेला मुलगा बाप माघारी पाठवत नाही, कारण त्या हंगामाची माणसांची जुळणी झालेली असते. शंभर-दीडशे मेंढरांमागे दोन-तीन माणसं लागतातच. एक कमी करायचं तर बापाला ते दसऱ्याआधी कळायला हवं, म्हणजे तो गडी पाहील किंवा भावाच्या कळपात आपला कळप मिसळेल. आदेश १५ सप्टेंबरला हातात पडला तर वसतिगृह भरतं, १५ नोव्हेंबरला पडला तर रिकामं राहतं.

धनगर समाजाच्या मुलांना शहरातल्या नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवण्याचीही योजना आहे. ज्यांना ती लाभते त्यांचं भलं होवो. पण ती निवडक मुलांची आहे, आणि तळावर राहिलेल्या मुलांचा प्रश्न तिनं सुटल्यासारखा दाखवू नये.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. दैनंदिन एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ पासून आहे, त्यात आज चहाही येत नाही. मुलीला थांबवून ठेवतं ते धाकटं भावंड. म्हणून वाडाताईच्या फळ्यापुढे तान्ह्याला मांडीवर घेऊन बसलेली मुलगी चालली पाहिजे, तिला उठवायचं नाही. सहावीपासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांचा, म्हणजे मुलींच्या सरकारी निवासी शाळांचा, पर्याय आहे. तिथे पाठवायला आईबाप तयार होतात ते वस्तीतली एखादी मुलगी आधी गेलेली असेल तर. पहिल्या वर्षी एकटीला पाठवण्याचा आग्रह धरू नये, एका वस्तीतल्या दोघी-तिघींना एकत्र न्यावं.

एक कागदाची गोष्ट. धनगर भटक्या जमातींत मोडतात. या जमातींच्या जात प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुतेकांना आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत मिळतो. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत ते धनगरांसाठीच्या साडेतीन टक्के आरक्षणाच्या दारात उभे राहून परत येतात. आज वस्तीच्या शाळेत प्रत्येक नाव जात, जन्मगाव, जन्मतारखेसह नीट लिहिलं जावं, वाटेत जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद त्या वर्षीच्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीत करून घ्यावी. मुख्याध्यापक आणि ग्रामसेवकांनी जूनमध्ये एक दिवस वस्तीवर एकत्र बसलं तर हे होतं.

आणि सर्वेक्षण जानेवारीत करावं. रानोमाळ फिरण्याची गरज नाही. आठवडी बाजारांचं चक्र सात दिवसांत पुरं होतं. गोदाकाठच्या तालुक्यांत सलग सात दिवस प्रत्येक बाजारात दोन शिक्षक बसवले तर जवळजवळ प्रत्येक वाड्यातलं माणूस त्यांच्यासमोरून जाईल. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात दूरदूरचे मेंढपाळ येतात, तिथे एक टेबल मांडावं. शिवाय ज्याच्या रानात मेंढरं बसली आहेत त्या शेतकऱ्याला विचारावं, किती बिऱ्हाडं, किती पोरं. तो बरोबर सांगतो, धान्य त्यालाच मोजून द्यायचं असतं.